पाहुणे आले

घरात कापूस असेपर्यंत आमच्याकडे 'आग' हा शब्द कुणी काढत नसे. दुकानदार दुकान बंद केलं म्हणत नाही, वाढवलं म्हणतो, तशातलाच हा प्रकार. बोलायची वेळच आली तर आई 'पाहुणे' म्हणे. कुणाच्या कापसाच्या गंजीनं पेट घेतला की ती हळू आवाजात आम्हाला सांगायची, "त्याइच्याकडे काल पाहुणे आलते." लहानपणी मला कळायचं नाही की पाहुणे आले तर त्या घरची बाई रडत का बसते. ही सांकेतिक भाषा फक्त आमच्या घरापुरती होती. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आमचं गाव हिंगणघाटपासून जवळ, वणा नदीच्या अंगाला. घर साधं, स्लॅबचं. पुढच्या खोलीत कापूस. भाव चढेपर्यंत तो विकायचा नाही, त्यामुळे दिवाळीनंतर ती खोली छताला टेकेपर्यंत भरलेली असे आणि भिंतीला लागून माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट उरे. स्वयंपाक मागच्या अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये. कापसामागच्या खोलीत बाबांची बाज.

बाबा धडधाकट होते तेव्हा रोज सकाळी एक लोखंडी सळई कापसात खुपसायचे, चहा होईपर्यंत ठेवायचे, मग काढून गालाला लावायचे. "बरी हाय," म्हणायचे. मी चिडवायची, "ताप पाहता का बाबा कापसाचा?" ते म्हणायचे, "हो. याले ताप आला तं आतून येते. वरून दिसत नाई."

गेल्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. सेवाग्रामच्या दवाखान्यात महिनाभर काढून आम्ही त्यांना घरी आणलं. घशातून आवाज निघायचा, पण त्याचा शब्द होत नव्हता. तोवर कापूस घरात आला होता. शेवटची वेचणी अवकाळीत भिजली होती आणि आईनं ती अर्ध्यामुर्ध्या उन्हात वाळवून गंजीवरच टाकली होती. सळई कोपऱ्यात पडून राहिली. आईचा दिवस शेतात जायचा आणि मी वर्ध्याला राहायची, तिथं शाळेत कॉम्प्युटर शिकवते, शनिवारी दुपारी घरी यायची. बाबांच्या खोलीतून बाहेर पडायची वाट त्या कापसातूनच होती. खिडकीला गज. मी म्हटलं, बाज पडवीत काढू. आई म्हणाली, लोक येता-जाता पाहतात. बाबांनीही मान हलवली. नाही म्हणजे नाही.

मला रात्रंदिवस तीच भीती. बाबांना ओरडता येणार नाही, उठता येणार नाही, आणि घरात कुणी नसेल.

म्हणून मी तो छोटा कॉम्प्युटर आणला. पत्त्यांच्या डबीएवढी हिरवी पाटी, हौशी लोक काहीबाही करून पाहायला घेतात ती. बाबांच्या सळईला मी तापमान मोजणारी तार बांधली, सळई गंजीच्या पोटात खुपसली आणि तारेचं दुसरं टोक कॉम्प्युटरला जोडलं. आत ठरावीक पातळीच्या वर ताप चढला की पाटीनं स्पीकरवरून ओरडायचं, आणि थांबेपर्यंत दर पाच मिनिटांनी ओरडायचं. स्पीकर दारावर, गल्लीकडे तोंड करून, म्हणजे आई शेतात असली तरी शेजारची काकू धावून येईल.

ओरडायचं काय, यावर अडलं. मी माझ्या आवाजात रेकॉर्ड करायला बसले, 'आग लागली, धावा', तर आईनं माझा हात धरला.

"कापूस घरात हाय ना वो. काऊन त्याले बोलावतं?"

"अगं, मशीन बोलणार आहे, मी नाही."

"मशीन घरातच हाय ना?"

तिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. शेवटी तिनंच तिच्या आवाजात भरलं, "पाहुणे आले. पाहुणे आले." मी म्हटलं, निदान काकूला याचा अर्थ सांगून ठेव. हो म्हणाली.

आता आवाज. आकडे दिसत होते, पण स्पीकर ढिम्म. मी स्पीकर बदलला, वायर बदलली, पाटीला शिव्या घातल्या, शाळेत पोरांवर खेकसले. चार शनिवारच्या संध्याकाळी अशा गेल्या. बाबा बाजेवरून माझ्याकडे एकटक बघत. घरात दोन मुके आणि मी दोघांशी सारखीच तडकून बोलत होते, याची आज लाज वाटते.

शेवटी कळलं, पाटी मुकी नव्हतीच. आकडे पाहायला मी तिला बाबांच्या खोलीतला टीव्ही जोडला होता. अशा पाटीला आवाज बाहेर सोडायला दोन वाटा असतात. एक स्पीकरची, एक टीव्हीच्या वायरीची. तिनं आपली टीव्हीची वाट धरली होती आणि टीव्हीचा आवाज आईनं बंद करून ठेवला होता. मी सेटिंगमध्ये वाट बदलली, सळईचं टोक गरम पाण्याच्या तांब्यात बुडवलं, आणि दारावरून आईचा खणखणीत आवाज आला, "पाहुणे आले." बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आनंदाचं. सळई परत गंजीत घातली, टीव्हीची वायर काढली आणि विजयी मुद्रेनं वर्ध्याची बस धरली.

पुढचे दोन शनिवार सगळं ठीक होतं. तिसऱ्या शनिवारी घरात पाऊल टाकलं आणि वास आला. जळका नाही. पोत्यात भिजून राहिलेल्या, मोड फुटू पाहणाऱ्या धान्याला येतो तसा, उबट. मी आईला विचारलं तर ती म्हणाली, सरकीचा असेल. तिचा चेहरा ओढलेला होता.

"तुह्ये बाबा दोन दिवस झाले नुसते 'आ, आ' करून राह्यले. मले वाटलं, आण म्हणून राह्यले. पाणी आणलं तं तोंड फिरवते. चादर आणली तं फेकून देते. मले तं काही समजून नाई राह्यलं."

मी आत गेले. बाबांनी डाव्या हातानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. "आ," ते म्हणाले. "आ." ते माझ्याकडे पाहत नव्हते. माझ्यामागच्या भिंतीकडे पाहत होते, जिच्या पलीकडे कापूस होता. मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही. वाचा परत येतेय असं वाटलं. मी म्हटलं, "काय आणू बाबा? बोला, काय आणू?" त्यांनी माझं मनगट सोडलं आणि डोळे मिटून घेतले.

पाटीवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. ओरडायचं तर स्पीकरवरून ओरडली असती, म्हणून माझं मन निवांत होतं. तरी आलेच आहे तर आकडे पाहू म्हणून टीव्ही लावला, वायर खुपसली आणि सवयीनं त्याचा आवाजही वाढवला. आकडा मी ठरवलेल्या पातळीच्या कितीतरी वर होता. त्याखाली पाटीनं स्वतःच लिहून ठेवलेल्या ओळी होत्या. गुरुवार दुपारपासून दर पाच मिनिटांना एक. आवाज दिला. आवाज दिला. आवाज दिला. टीव्हीचा पडदा भरून खाली सरकत होत्या.

मी वाचत असतानाच पुढची पाच मिनिटं भरली आणि टीव्हीतून आई बोलली, "पाहुणे आले. पाहुणे आले."

"आ," बाबा म्हणाले.

"आई, गुरुवारी काय झालं होतं?"

"काई नाई. लाइन गेलती तासभर."

लाइट जाऊन आली की पाटी आपणहून सुरू होत होती, पण मी बदललेली वाट फक्त मी स्वतः सुरू केल्यावरच लागू होई. मी नसले की ती पुन्हा टीव्हीच्या वायरीत बोले, जिच्या टोकाला काहीच जोडलेलं नव्हतं. मी तांब्यात सळई बुडवून पाहिली, सगळं पाहिलं, पण लाइट घालवून पाहिली नाही. ज्या गावात रोज लाइट जाते त्या गावची मी, आणि शाळेत पोरांना शहाणपण शिकवणारी.

मी पुढच्या खोलीत धावले आणि गंजीत खांद्यापर्यंत हात घातला. वर थंड, कोपरापर्यंत कोमट, आणि बोटांच्या टोकाला चटका. हात काढला तर त्या भोकातून धुराची बारीक रेघ आली.

आई पुढच्या अंगणात पळत गेली आणि गल्लीकडे तोंड करून जिवाच्या आकांतानं ओरडू लागली, "पाहुणे आले वो! पाहुणे आले!"

कुणी धावलं नाही. कशाला धावतील? समोरच्या ओट्यावरचे दोघं हसले. मग शेजारची काकू फाटकातून आत आली, हातात दुधाचं पातेलं, डोक्यावरचा पदर सावरत.

"किती जण आले वो? पुरते का एवढं दूध?"

आईनं तिला काहीच सांगून ठेवलं नव्हतं. तो शब्द काढल्याशिवाय सांगणार कसं? आताही ती काकूकडे बघत उभी होती, तोंड उघडं, आणि शब्द काही निघेना. आतून बाबांचा आवाज आला. "आ." आणि मला कळलं की ते दोन दिवस काय म्हणत होते. त्या घरात तो शब्द कधीही न काढणारा माणूस अर्ध्या जिभेनं तोच काढायला धडपडत होता आणि आम्ही त्याला चादरी आणून देत होतो.

"आग!" मी ओरडले. "आग लागली, धावा!"

मग गल्ली धावली. चौघांनी बाबांना बाजेसकट उचललं, पण त्या वाटेतून बाज निघेना, म्हणून काकूच्या नवऱ्यानं त्यांना पाठुंगळी घेतलं आणि दोघांनी ओल्या घोंगडीनं झाकून बाहेर काढलं. ते बाहेर आले आणि मागे गंजीनं भडका घेतला. बादल्या, मोटरचा पाइप, माती, जे हाताला लागलं ते. घर वाचलं. खोलीच्या भिंती अजून काळ्या आहेत, आई चुना लावू देत नाही. काकूचं दूध अंगणात सांडलं होतं, ते कुणाच्या तरी पायाखाली चिखल झालं.

पाटी आता नीट बोलते. लाइट घालवून दहा वेळा पाहिलं. कापूस नाही, तरी काढवत नाही.

आई बदलली. बाबांनी "आ" केलं की हातातलं टाकून ती पुढच्या रिकाम्या खोलीत धावते, भिंतींवरून हात फिरवते, कोपरे हुंगते. मी असले तर मीही धावते. परवा भर दुपारी बाबा "आ, आ" करू लागले. आम्ही दोघींनी खोली पाहिली, शेड पाहिली, वायरी पाहिल्या, पाटीचे आकडे पाहिले, गच्चीवर जाऊन आलो. अर्ध्या तासानं परत आलो तेव्हा त्यांचे ओठ सुकून पांढरे पडले होते आणि त्यांनी बोलणं सोडून दिलं होतं. डावा हात उशाशी रिकाम्या तांब्यावर होता.

त्यांना पाणी हवं होतं.