बावीस हात

नववीत असताना शारजातल्या आमच्या मुलींच्या शाळेत युवा संसद भरली आणि मला विरोधी बाकावरची शेवटची वक्ता नेमलं. माझे पाय जमिनीवर टेकेनात. मधली सुट्टी दहा मिनिटांनी कमी करायचं विधेयक होतं, आणि ते हाणून पाडायला माझ्याकडे चार मिनिटांचं भाषण होतं. आरशासमोर, स्कूलबसमध्ये, अंघोळ करताना मी ते इतकं घोकलं की आईने हात जोडले.

भीती एकाच गोष्टीची होती. सत्ताधारी पक्ष मध्येच चर्चा थांबवण्याचा प्रस्ताव आणू शकत होता. तो दोन-तृतीयांश मतांनी मंजूर झाला की उरलेल्यांनी गप्प बसायचं. उरलेली म्हणजे मीच असणार होते.

बाबा सिव्हिल इंजिनिअर. आकडेमोडीत कोणाचं ऐकणारे नव्हेत. जेवताजेवता त्यांनी विचारलं, "टोटल किती जणी? छत्तीस ना? टू-थर्ड म्हणजे चोवीस. त्यांच्याकडे किती?"

"ट्वेंटी-टू. वी आर टेन. अँड फोर इंडिपेंडंट्स."

"मग त्या चौघींना सांग, हातच वर करू नका. बावीसचे चोवीस होत नाहीत. खलास."

मी त्या चार अपक्षांना आईच्या शंकरपाळ्यांचा डबा खिलवला आणि तटस्थ राहायचं वचन घेतलं.

त्या दिवशी बाबा दुबईच्या ऑफिसातून हाफ डे घेऊन, ट्रॅफिक तुडवत आले आणि पालकांच्या रांगेत बसले. माझ्या आधीची वक्ता खाली बसली. मी कागद सरळ केले, उठणार तेवढ्यात समोरून प्रस्ताव आलाच. सभापती झालेली बारावीची मुलगी नियम वाचू लागली: हजर राहून मत देणाऱ्यांच्या किमान दोन-तृतीयांश. मत न देणाऱ्या धरल्या जाणार नाहीत.

चौघी गप्प राहिल्या तर मतं बत्तीसच, आणि बत्तिसांत त्यांना बावीस भरपूर झाले. माझ्याच शंकरपाळ्या माझं तोंड बंद करणार होत्या. निदान दोघींनी तरी विरोधात हात वर करायला हवा होता.

प्रस्तावाच्या बाजूने बावीस हात वर गेले. मग विरोधात आमचे दहा. मी मागे वळून अपक्षांकडे डोळे वटारले, हात हलवले, ओठांनी "यल्ला, यल्ला", लवकर, लवकर, केलं. एकीला कळलं. अकरा. बाकीच्या तिघी वचनाला जागून हाताची घडी घालून बसल्या. आणखी फक्त एक हात हवा होता.

तो वर गेला. पालकांच्या रांगेतून, पांढऱ्या फुलशर्टाच्या बाहीतला, अगदी ताठ.

"अंकल, सॉरी, व्हिजिटर्स कॅनॉट व्होट," सभापती म्हणाली. सगळं सभागृह हसलं. बाबांनी हात हळूच खाली घेतला. तेहतिसांत बावीस, बरोबर दोन-तृतीयांश. प्रस्ताव मंजूर झाला.

परतताना नेहमीसारखे जॅममध्ये अडकलो. मी खिडकीकडे तोंड करून रागाने रडत होते. चोवीस म्हणे! बाबांनी रेडिओ बंद केला.

"कर भाषण."

"हिअर?"

"इथे कोण अडवतंय तुला?"

मी सुरू केलं. आधी रडवेल्या आवाजात, मग असा सूर लागला की शेजारच्या टॅक्सीवाल्याने काच खाली केली. चारची सहा मिनिटं झाली. बाबांनी स्टिअरिंग सोडून टाळ्या वाजवल्या. मला इतका आनंद झाला की मी राग विसरले.

"बट बाबा, व्हाय डिड यू रेज युअर हँड?"

"हिशोब चुकला होता ना माझा." मग म्हणाले, "आणि तुझ्या जन्माआधी एकदा मत दिलं होतं, मुंबईत. आता तिथे राहत नाही म्हणून तिथे नाही, इथला नाही म्हणून इथे नाही. आज त्या सभापतीने विचारलं, विरोधात कोण? गेला हात वर."

पुढची गाडी जरा सरकली. आमचीही सरकली.

"माझा हात मोजला असता तर?" त्यांनी विचारलं.

मी बोटांवर मोजलं. चौतिसांत त्यांना तेवीस लागले असते.

"तुमच्या एका मताने प्रस्ताव पडला असता, बाबा," मी मराठीत म्हणाले.