चाचा, क्लच आणि करडईचं तेल

चप्पल बाहेर काढून गाडीत चढणारा मिस्त्री मी एकच पाहिला. ग्रीसनं माखलेल्या कपड्यांनी सीट खराब झाली तरी चाचांना त्याचं काही नसे, पण क्लचवर पाय ठेवायचा तो उघडाच. "चपलेला काय कळतंय? पायाला इचारावं लागतं," असं म्हणून ते डोळे मिटून पेडल दाबत. तेवढ्यात कुणी बोललं की असे खेकसत की गिऱ्हाईक चहाच्या टपरीपर्यंत मागं सरकायचं. धाराशिवकडच्या आमच्या अख्ख्या वाशीत त्यांना सगळे चाचाच म्हणत. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी धुरानं काळी पडलेली, आणि ती वाचायची गरज कुणाला पडली नाही.

आमची पिकअप जुनी. सकाळी गावोगावच्या भट्ट्यांवरून खवा गोळा करायचा आणि ऊन तापायच्या आत धाराशिवच्या बाजारात पोचवायचा, हा आमचा धंदा. गाडी आमचे हे चालवायचे. मग यांना अपघात झाला आणि उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. दवाखान्यातून घरी आले ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. बोलणं बंद, कुबड्या कोपऱ्यात तशाच. पण खवा कुणासाठी थांबत नाही. गाडी चुकायला लागली की भट्टीवाले दुसरी गाडी बघणार, आणि मग घरात चूल कशावर पेटायची? माहेरी ट्रॅक्टर चालवलेला होता, त्या जोरावर मी स्टिअरिंग धरलं. गाव चार दिवस हसलं आणि मग आपापल्या कामाला लागलं.

चाचांकडे पहिल्यांदा गेले तेव्हा गिअर टाकताना करकर आवाज यायचा. हायवेवरच्या एका फिटरनं सांगितलं होतं, क्लचप्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. चाचा उसळले. "पोट दुखतंय तर डोकं उघडाया निघालाय का त्यो?" त्यांची एक रीत होती आणि ती ते कधी मोडत नसत. आधी बॉनेटखालची क्लचच्या तेलाची डबी बघायची. मग पेडलच्या मागं हात घालून ओल लागते का ते चाचपायचं. ओल लागली तर पायाचा जोर तेलातून खाली ढकलणारा वरचा सिलेंडर गळतोय. मग गाडीखाली गिअरबॉक्सपाशी बघायचं, तिथं ओल असली तर खालचा. दोन्हीकडं कोरडं निघालं. तेव्हा त्यांनी मला पेडल दाबायला सांगितलं आणि स्वतः मधली रबरी नळी मुठीत धरून बसले. "ये, हात लाव. बघ कशी फुगती. तुझा सगळा जोर हीच खाती, खाली काय पोचनार?" नळी बदलली, गिअरबॉक्स जिथल्या तिथं राहिला.

नळी बदलली की आत शिरलेली हवा काढावी लागते. त्याला दोन माणसं लागतात, एक पेडलवर, एक गाडीखाली. चाचा खालून ओरडत, "मार, मार... आता धर!" वरच्यानं पेडल भराभर दाबायचं-सोडायचं आणि मग दाबून धरायचं. मग ते खालचा बारका नट ढिला करत, बुडबुड्यांसकट तेल बाहेर येई, नट आवळला की "सोड." नट उघडा असताना वरच्यानं पाय उचलला तर हवा परत आत जाते. म्हणून वरून "धरलंय" असा मोठ्यानं जवाब आल्याशिवाय चाचा पाना लावत नसत. मी पहिल्यांदा नुसती मान हलवली. खालून आवाज आला, "मुंडी हलवल्याली मला हितं दिसती व्हय? एरवी तोंड लई चालतंय की तुझं!"

आणि मग ती सकाळ. भट्ट्यांवर निघायचं म्हणून गाडीत बसले, क्लच दाबला, तर पेडल खाली जाऊन चिकटलं. वर यायचं नाव नाही. मला रडूच कोसळलं. फोन केला तसे चाचा हत्यारांची पेटी मोपेडला बांधून आमच्या अंगणात हजर. पेटी खाली ठेवायच्या आधी त्यांनी ओळखीच्या एका टेम्पोवाल्याला फोन लावला, "आजचा खवा तू ने. आजच्यापुरतं. उद्या त्या वाटंला दिसलास तर गाठ माझ्याशी हाय."

मग डबीचं झाकण काढलं, बोट बुडवलं, वास घेतला. माझ्याकडं बघून म्हणाले, "भजी तळायची हुती का?"

करडईचं तेल होतं. त्या डबीत घालायच्या ब्रेक ऑइलची बाटली आणायची माझ्याकडून राहून गेली होती आणि करडईची बाटली तर चुलीपाशी असायची. ओतलं कुणी? दारातून आवाज आला, "मी. पहाटं बघितलं, डबी रिकामी दिसली. तुझी गाडी वाटंत थांबू नये म्हणून..." आमचे हे, खाटेवर उठून बसलेले. माझं डोकंच फिरलं. सिलेंडरमधलं रबर गोडं तेल पिऊन फुगून बसलं होतं, वरचं, खालचं, सगळं रबर बदलायला आलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात चाचांनी माझ्या हातात पाना दिला.

"गप बस. तेल चुकलं, ते माझं काम हाय, मी बघतो. पर ह्यो खाटंवरनं गाडीपतोर आला, बॉनेट उघडलं, कुणी न सांगता. ते दिसलं न्हाय तुला?"

मला खरंच दिसलं नव्हतं. कुबड्या कोपऱ्यात नव्हत्या, खाटेला टेकवलेल्या होत्या.

नवं रबर बसलं, पाइप धुऊन झाले. हवा काढायची वेळ आली तशी मी सवयीनं सीटकडं निघाले. चाचांनी अडवलं. "तू माझ्यासंगं खाली. वर ह्याला बसव." हे म्हणाले, "चाचा, मला पाय कुठाय?" चाचा असे खेकसले की कोंबड्या पांगल्या, "क्लच डाव्या पायानं दाबत्यात! तुझा डावा कुठं गेलाय?"

आम्ही दोघांनी धरून यांना वर बसवलं. यांनी आपली एकुलती चप्पल काढली. मी चाचांशेजारी गाडीखाली बाटली धरून पडले. "मार, मार... धर!" वर काहीच नाही. चाचा पाना हातात घेऊन थांबले. मग वरून आवाज आला, आधी घोगरा, मग मोठा, "धरलंय!" यांचा असा मोठा आवाज मी कितीतरी दिवसांनी ऐकला. गाडीखाली होते म्हणून बरं, तोंडावर उडालेलं तेल पुसायचं निमित्त मिळालं.

दुसऱ्या दिवशी हे माझ्या शेजारच्या सीटवर बसून भट्ट्यांवर आले, ते आजतागायत येतात. वजनं, फोन, भट्टीवाल्यांशी हुज्जत, सगळं त्यांच्याकडं.

चाचा गेल्या साली गेले. मी बायांत बसून रडले, हे कुबड्यांवर कबरस्तानापर्यंत चालत गेले. आमच्या गाडीतली हवा आता मीच काढते. खाली पडून "धर" म्हणते आणि पाना हातात घेऊन थांबते. वरून जवाब येतो. तो आल्यावरही मी पाना लगेच लावत नाही. "परत म्हणा," असं सांगते. हे चिडतात, पण म्हणतात.