समुद्राची खुरपणी

परभणी जिल्ह्यात समुद्र आजवर एकदाच आला. तो बोरीला आमच्या ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या बैठकीत उतरला, सतरा दिवस मुक्काम केला आणि एसटीनं परत गेला.

त्याला आणणारा मीच. तेव्हा मी परभणीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे मी जे काही करतो ते सायन्सच असणार, असा घरच्यांचा ठाम समज होता. (माझाही होता.) आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी सहलीहून येताना रत्नागिरीचे दोन खेकडे आणि एक समुद्रफूल जिवंत आणलं होतं. खेकडे बोराएवढे, रिकाम्या शंखात राहणारे. समुद्रफूल म्हणजे दगडाला चिकटून बसलेला, शेवंतीसारखा दिसणारा प्राणी. सरांनी काचेच्या पेटीत वाळूचा थर दिला, खारं पाणी भरलं, वर ट्यूबलाइट लावली आणि विभागात समुद्र थाटला.

तेवढ्यात विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमध्ये कॉलेज बेमुदत बंद झालं. वसतिगृह रिकामं करायचा हुकूम निघाला. सरांनाही गावी जावं लागणार होतं.

"हे कोण सांभाळेल?" सरांनी वर्गात विचारलं.

सगळी मुलं खाली बघत होती. मी वर बघत होतो. सरांना तेवढं पुरलं!

"तीन गोष्टी लक्षात ठेव," सर म्हणाले. "वाळू चार बोटं. उजेड रोज दहा तास. आणि वाळू एकदा बसली की तिला हात लावायचा नाही. खालच्या थरात जे कुजतं ते कुजू द्यायचं. वर आलं तर सगळे मरतील."

मी वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या आणि म्हणालो, "सर, बिलकुल काळजी करू नका."

एसटीत मांडीवर काचेची पेटी, पायाशी खाऱ्या पाण्याचे दोन कॅन आणि हातात खेकड्यांचा डबा. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय ह्याच्यात?"

"समुद्र."

"उतरताना सांडू नको," एवढंच म्हणून तो पुढं गेला. पण एक कॅन वाटेतच गळाला. अर्धा समुद्र एका म्हातारीच्या गठुड्यात गेला आणि तिच्या शिव्या मला बोरी येईपर्यंत पुरल्या.

म्हणजे पाणी नव्यानं खारं करणं आलं. सरांनी दिलेली समुद्राची वाळूही दोनच बोटं भरत होती, तेव्हा खाली घालायला नदीची वाळू आणणं आलं. मी आप्पांना, म्हणजे वडिलांना, म्हणालो, "आप्पा, दोन घमेली वाळू लागंल."

आप्पांना अक्षर येत नाही. पण माझ्या शिक्षणाला काही कमी पडू द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं होतं.

"दोनच घमेली? अन् कमी पडली म्हंजे? सायन्सचं काम हाय, हात आखडून चालत न्हाई!" असं म्हणून त्यांनी बैलगाडी जुंपली आणि गाडीभर वाळू दारात आणून ओतली.

मी चार किलो खडेमीठ मागितलं. त्यांनी गोणी आणली. "उरलं तर ढोरायला हुईल."

मी दोन ट्यूबलाइटी मागितल्या. आप्पांनी लग्नाच्या मांडवाला लाइट लावणारा त्यांचा दोस्तच बोलावला. तो आठ ट्यूबा घेऊन आला. दोन पेटीवर बांधल्या. उरलेल्या सहा दारावर! मी म्हणालो, "काका, दारात कशाला?"

"आता आनल्याच हायत तर वापस न्यायच्या का?" आणि जाता जाता त्यानं लिंबाच्या झाडावर रंगीत बल्बांची माळही सोडली. दारात ट्यूबा असून माळ नाही, हे त्याच्या डोळ्यांना बरं दिसेना.

पाण्याला वारा घालायला विजेचं यंत्र काही मिळालं नाही. मी सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरली, तिला सलाइनची नळी जोडली आणि नळीचं टोक पाण्यात सोडलं. बुडबुडे सुरू झाले! फक्त दर अर्ध्या तासानं कुणीतरी उठून पंप मारायचा. आई भाकरी टाकता टाकता उठायची.

"तुला वाढवलं, तुझ्या बहिनीला वाढवलं," ती म्हणायची, "पर कोनाला असं वारं घालत बसले न्हाई मी!"

दुसऱ्या दिवशी समुद्र नितळला. समुद्रफूल उमललं. खेकडे शंख पाठीवर घेऊन वाळूवरून हिंडू लागले. मी छाती काढून ढाळजेत उभा होतो, तेव्हा शेजारच्या सोजरकाकू दारात येऊन आईला म्हणाल्या, "वैनी, लय गुपचूप चाललंय की! गिलाव्याची वाळू पडली. गावजेवणाचं मीठ आलं. दाराला लायटी लागल्या. अन् शेजाऱ्याला पत्ता न्हाई! कुठली हाय पोरगी?"

"अगं, कशाची पोरगी? घरात खेकडं हायत!"

"ऱ्हाऊ द्या. सांगायचं नसंल तर नका सांगू, पर असं तरी बोलू नका!" आणि काकू रुसून गेल्या.

संध्याकाळपर्यंत माझं लग्न गावभर झालं. चौथ्या दिवशी ते पालमला पोचलं. तिथं माझे मामा राहतात. पाचव्या दिवशी मामा स्वतः एसटीतून उतरले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. आईनं पाणी दिलं, तर पिईनात.

"भाच्याचं लगीन, अन् सख्ख्या मामाला एसटी स्टँडवर कळावं?"

अर्धा तास समजूत काढल्यावर मामा आत आले. पेटीभोवती एक फेरी मारली. खेकडे पाहिले. मग आप्पांना म्हणाले, "म्हंजे दाजी, पोरगी न्हाईच?"

"न्हाई."

मामा बोटांवर मोजायला लागले. "वाळू हाय. मीठ हाय. लायटी हायत. माळ बी हाय! फकस्त पोरगी कमी हाय. एवढा इंतजाम वाया घालवता का? पोरगी मी आनतो!"

इथं मात्र माझ्या हातातला पंप थांबला. बी.एस्सी. होईपर्यंत लग्नाचं नाव काढणार नाही, असा शब्द आप्पांनी मला देवघरासमोर दिला होता. माझ्याबरोबरच्या दोघांची लग्नं अकरावीत झाली, आणि त्यातल्या एकाची भौतिकशास्त्राची पुस्तकं मी किराणा दुकानात पुड्या बांधायला गेलेली पाहिली होती. पण मामांनी आणलेलं स्थळ राणीसावरगावचं. बसवंतराव नावाचे बडे शेतकरी, विहिरीला बारमाही पाणी, मुलगी सुमन बारावी सायन्स झालेली. आप्पांनी 'नाही' म्हटलं नाही. 'हो'सुद्धा म्हटलं नाही. ते उठून बैलांना वैरण टाकायला गेले.

मी 'मला शिकायचंय' हे वाक्य खेकड्यांसमोर चांगलं घोटलं. मग धीर करून आप्पांसमोर उभा राहिलो.

"आप्पा..."

"काय रे?"

"...नळी बदलायचीय."

पंधराव्या दिवशी दुपारी बसवंतराव मामांबरोबर मुलगा पाहायला आले. पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा, कपाळावर भस्माचे पट्टे. आम्हीही लिंगायत. दोन्ही घरं अशी कडक, की अंड्याचं नावसुद्धा उंबऱ्याबाहेर काढायचं. मला इस्त्रीचा शर्ट घालून पेटीशेजारी बसवलं. पाव्हण्यांसमोर पातेलंभर चिवडा आला.

"काय शिकता?" बसवंतरावांनी विचारलं.

"प्राणिशास्त्र."

"म्हंजे ढोराचे डाक्टर हुनार?"

"न्हाई."

"मग कशाचे?"

याचं उत्तर मलाही नीट ठाऊक नव्हतं. म्हणून मी जे ठाऊक होतं ते सांगू लागलो. तो विषय निघाला की माझी भीड चेपते. "हे बघा, हे फूल नाही, प्राणी आहे! याला एकच तोंड असतं. खातो त्या तोंडानं, आणि बाकीचं बाहेर टाकतो तेही त्याच तोंडानं!"

बसवंतरावांचा चिवड्याचा घास मिशांपाशी थांबला.

"अन् ह्यो शंकातला?" मामांनी घाईनं विषय बदलला.

"खेकडा. हा स्वतःचं घर बांधत नाही. दुसऱ्यांची आयती घरं बघतो आणि जन्मभर त्यांतच राहतो."

बसवंतरावांनी मामांकडं पाहिलं. "पोरगं घरजावई व्हायचं म्हनतंय का काय?"

"न्हाई हो, न्हाई!" मामा घाम पुसत म्हणाले.

आता आप्पांना राहवेना. मुलाची बाजू पडते आहे असं पाहून ते पुढं सरसावले. "पावनं, तुमी जाणते शेतकरी. ह्या वाळूकडं जरा बगा. पंधरा दिस झाले, पोरगं हिला हात लावू देत न्हाई."

बसवंतराव उठले, काचेला नाक लावलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर खरी आस्था दिसली. "दडपलीय की हो जमीन! खाली काळी पडली, बगा. वारंच लागंना हिला."

"म्या तेच म्हनायलोय!"

"कोळपनी पायजे."

"कोळपं मावत न्हाई ह्याच्यात."

"मग खुरपं घाला!"

दोन जाणत्या शेतकऱ्यांचं एकमत झालं. मी म्हणालो, "थांबा, सर म्हणाले होते..." पण ते इतक्या आदरानं म्हणालो की कुणाला ऐकूच गेलं नाही. आप्पांनी आढ्याला खोचलेलं खुरपं काढलं, बाही वर केली आणि समुद्रात हात घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ, सुंदर तास ओढला. (शेतकरी म्हणून आप्पांना तोड नाही.)

आधी मोठे बुडबुडे आले. मग काळा धूर उठावा तसा गाळ उठला. आणि मग वास! सडक्या अंड्यांचा तो वास ढाळजेतून माजघरात गेला, माजघरातून गोठ्यात गेला, आणि बैलसुद्धा उठून उभे राहिले.

बसवंतरावांनी उपरणं नाकाला लावलं. "ह्या घरात अंडी शिजत्यात?"

"देवाशपथ न्हाई!" आई आतून धावत आली.

"अंडी नाहीत!" मी ओरडलो. "हायड्रोजन सल्फाइड आहे! नुसता सडक्या अंड्यांसारखा वास येतो!"

"म्हंजे सडकी अंडी?"

पण आता माझं पाव्हण्यांकडं लक्ष नव्हतं. समुद्रफूल आकसून बटणाएवढं झालं होतं. एक खेकडा उताणा पडला होता. मी चिवड्याचं पातेलं उचललं, ते दिसेल तिथं रिकामं केलं (दिसलं ते बसवंतरावांचं धोतर!), कोपऱ्यातल्या मडक्यात जादा करून ठेवलेलं खारं पाणी त्यात ओतलं आणि दगडासकट सगळ्यांना त्यात हलवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्या माणसांवर खेकसलो.

"बघता काय? वारा घाला! पंप मारा!"

आणि हाताशी जो माणूस होता त्याच्या हातात पंप दिला. ते बसवंतराव होते. त्यांनी खरोखर पंप मारला! एकदा नाही, चांगली पाच मिनिटं, अंगावर चिवडा, नाकावर उपरणं. मग आपण काय करतो आहोत हे बहुधा त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पंप हळूच भिंतीला टेकवला, धोतर झटकलं आणि "येतो आमी," म्हणून एसटी स्टँडची वाट धरली. मामा मागं पळाले.

दोन दिवसांनी मामांनी निरोप आणला. "पोरगं निर्मळ हाय म्हनले. पर आमची सुमन त्या घरात दिली, तर जल्मभर पंप मारीत बसंल."

मी आप्पांकडं पाहिलं. मला वाटलं, आता भडकतील. पण त्यांनी मोठा श्वास सोडला आणि म्हणाले, "बरं झालं. माज्या तोंडातनं 'न्हाई' निघंना, अन् तुला दिलेला शब्द आत टोचायला होता. जा, शीक."

सतराव्या दिवशी कॉलेज उघडल्याचं कळलं. दोन्ही खेकडे आणि समुद्रफूल मी जिवंत परत नेले. सरांनी पाण्याचा वास घेतला आणि विचारलं, "वाळू हलवलीस?"

"सर, मी नाही. खुरपणी झाली."

सरांनी पुढं काही विचारलं नाही. शास्त्राचा माणूस कुठं थांबायचं ते जाणतो.

जूनमध्ये मी तिसऱ्या वर्षाला गेलो. प्रवेशाच्या रांगेजवळ पांढऱ्या मिशा दिसल्या आणि मी खांबाआड सरकणार होतो, पण बसवंतरावांनी हाक मारली. शेजारी दोन वेण्या घातलेली मुलगी फॉर्म घेऊन उभी होती.

"आमची सुमन," ते म्हणाले. "बारावीनंतर बस म्हनलं होतं हिला. पर तुमच्या घरनं वापस जाताना एसटीत इचार केला, की ह्या पोराला जर सायन्स जमायलंय, तर आपली पोरगी तर लय हुशार हाय!"

मी त्यांना नमस्कार केला. सुमननं मला नमस्कार केला आणि विचारलं, "दादा, पहिल्या वर्षाचं केमिस्ट्री अवघड असतं का हो?"

"मुळीच नाही," मी पूर्ण आत्मविश्वासानं सांगितलं. त्या वार्षिक परीक्षेत केमिस्ट्रीच्या पेपरला तिचा बाक नेमका माझ्या पुढं आला, कारण पहिल्या वर्षाचं माझं केमिस्ट्री तोवर सुटलेलंच नव्हतं. निकाल लागला तेव्हा ती पास झाली होती, आणि मी तिला एवढंच म्हणालो, की बघ, मी म्हटलं नव्हतं?