गार भाकरी

आमच्या श्रीरामपुरात कुणा ख्रिस्ती घरी उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानायची प्रार्थनासभा म्हटली की मांडव, फ्लेक्स आणि साउंड सिस्टीम आलीच. फ्लेक्सवर यजमान मोठे असतात, प्रभू कोपऱ्यात. आई अशा ठिकाणी जाऊन जेवायची, पण तिची स्वतःची उपकारस्तुती रोज घरी, ताटावर व्हायची. आणि ती लांबायची. बाजरी पेरणारा, खुरपणारी, गिरणीवाला, दूधवाला, भाजीच्या टेम्पोचा ड्रायव्हर, प्रत्येकासाठी देवाचे वेगळे आभार.

“देवाला सगळं ठाऊक आहे, आई. भाकरी गार होतेय.”

“देवाला ठाऊक आहे रे. तुला नाही.”

मागच्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं, तोंडानं खाल्लं नाही तर नाकात पुन्हा नळी घालावी लागेल. ती नळी तिनं डाव्या हातानं दोनदा उपसून काढली होती.

घरी आल्यावर पहिल्या दुपारी बायकोनं गरम दुधात भाकरी कुस्करली. आईनं डोळे मिटले आणि ती थांबली. आजवर प्रार्थना तीच करायची. आता मी उरलो होतो.

“प्रभू, या अन्नाबद्दल तुझे आभार. आमेन.”

चमचा ओठांशी नेला, तर तिनं तोंड फिरवलं. पुन्हा नेला, पुन्हा फिरवलं.

तिचं अंग पुसायला येणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या. “दादा, आजींना भूक लई हाय,” त्या म्हणाल्या. “तुमची प्रार्थना पसंत न्हाई.”

मी पहिल्यापासून सुरुवात केली. पेरणारा, खुरपणारी, गिरणीवाला. दूधवाल्यापाशी अडलो. बारा वर्षं तो दारात येतोय आणि मला त्याचं नाव माहीत नव्हतं. बायकोनं कानात सांगितलं. मग टेम्पोचा ड्रायव्हर, मग बायको, मग मावशी. मावशींनी घाईनं डोक्यावर पदर घेतला. मी आमेन म्हणालो.

तोंड बंदच. डावा हात उठला आणि आईनं माझ्या छातीवर बोट टेकवलं.

“काय चुकलं, आई?”

“चुकलं न्हाई,” मावशी म्हणाल्या. “तुमीच राहिलात की.”

देवापुढं स्वतःचं नाव घेणाऱ्यांना मी जन्मभर हसत आलो होतो. मान खाली घालून पुटपुटलो, “आणि आईला भरवायला मला ठेवलंस, त्याबद्दल.”

आईनं तोंड उघडलं.

“गार झालंय. पुन्हा तापवू का?” बायकोनं विचारलं.

“नको,” मी म्हणालो. “ती परत प्रार्थना करायला लावेल.”