नाकावरची तार

इंदुताई साळवे कुणावर विश्वास ठेवायच्या नाहीत, आणि ते लपवायच्याही नाहीत. दूधवाल्याचं माप, डॉक्टरची गोळी, वेधशाळेचा अंदाज, सगळं संशयात! येरवड्याहून सदाशिव पेठेतल्या मेंदूच्या प्रयोगशाळेत त्या एकोणीस वर्षं कामाला येत होत्या. आलेल्या माणसाच्या डोक्यावर तारांची टोपी चढवायची, केसांत जेल भरायचं आणि एक तार नाकाच्या शेंड्यावर चिकटवायची. बाकी सगळ्या तारांचं मोजमाप त्या नाकापासून धरायचं, हा प्रयोगशाळेचे प्रमुख दातार सर यांचा नियम.

समोर पडद्यावर एकसारखी चित्रं येत राहतात, मध्येच एखादं वेगळं. माणसाचं लक्ष नसलं तरी मेंदूला बदल कळतो, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला लहानशी लाट उठते. जूनपासून साठीपुढच्या बायकांच्या नोंदीत ती लाट जवळजवळ दिसेनाशी झाली. आजोबांची होती, पोरींची होती, आज्यांचीच गायब! आणि जूनमध्येच कल्याणी पीएचडीला आली होती; नोंदींवरून आकडे तीच काढायची.

झालं! इंदुताईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पोरगी दार लावून काय बसते, मी आत गेले की स्क्रीन काय बदलते! टोपी मी घालते, मग लाट खातं कोण? त्यांनी सरळ सरांकडे तक्रार केली. "आकडे ही पोरगी बिघडवते. पकडून देते की नाही बघा."

सरांनी कल्याणीला बोलावलं. "सोमवारपर्यंत खुलासा द्या. नाहीतर दुसरा गाइड शोधा."

कल्याणी तडक इंदुताईंकडे आली. डोळे लाल होते. "ताई, आज तुम्ही बसा खुर्चीत. तुमच्यासमोरच मोजते."

इंदुताई बसल्या, चोर रंगेहाथ सापडेल म्हणून. कल्याणीने नाकावर तार लावली, आणि ताडून बघायला कानांमागेही दोन. नोंद झाली. नाकापासून मोजलं तर लाट ठसठशीत. मग तिने तीच नोंद कानामागून मोजली. लाट पार बसली.

"अगं, हे काय केलंस?"

"काही नाही हो. मोजायची सुरुवात बदलली. कानामागची जागा त्या लाटेच्या शेजारचीच, ती तिथेही पोचते. लाटेतून लाटच वजा केली तर उरणार काय? पण आपली तार नाकावरच असते ना. मग आज्यांचं काय झालं, तेच कळत नाही."

इंदुताईंनी नाकावरची तार चाचपली.

जूनमध्ये एका आजींच्या नाकातली चमकी चिकटपट्टीत अडकून ओढली गेली होती. बिचारीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तेव्हापासून इंदुताईंनी एकाही आजीच्या नाकाला हात लावला नव्हता. तार गुपचूप कानामागे लावायची, आणि वहीतल्या 'नाक' या छापील रकान्यात सवयीने बरोबरची खूण. एवढ्या तेवढ्याने काय होतंय, असं त्यांना वाटलं होतं. सगळ्या जगाला तपासणाऱ्या बाईने स्वतःचा हात तेवढा तपासला नव्हता.

त्यांनी टोपी काढली. केसांतलं जेल तसंच ठेवून वही ओढली, आणि प्रत्येक आजीसमोरची खूण खोडून 'कान' लिहिलं, शेजारी सही केली. एक्केचाळीस सह्या.

वही उचलून त्या सरांच्या केबिनकडे निघाल्या.

"ताई, मी येऊ?"

"तू कशाला? चोर पकडून देते म्हणून मीच सांगून आले होते ना."