नाव घेईना
लॅमिनेशनच्या तापल्या प्लास्टिकचा वास आला की रामनगरातलं माझं कॉम्प्युटरचं दुकान आठवतं. एकदा दिग्गी गावाहून आलेल्या एका बाईच्या नवऱ्याचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं आणि दवाखान्याचं कार्ड निघत नव्हतं. त्याच्या नावाआधीची दोन इंग्रजी आद्याक्षरं मी जोडून टाइप केली की प्रोग्राम दुसरं अक्षर लहान करायचा, मग जुन्या कार्डाशी नाव जुळायचं नाही. घामाघूम होऊन मी म्हणालो, "मावशी, मशीन नाव घेईना." तिला वाटलं, आपण घेत नाही म्हणूनच. पदर तोंडाशी धरून ती स्क्रीनकडे वाकली आणि तिनं नवऱ्याचं नाव घेतलं. तेवढ्यात मला सुचलं, अक्षरांमध्ये टिंब दिलं, दोन्ही मोठी राहिली, कार्ड निघालं. लॅमिनेशनमधून आलेलं गरम कार्ड हातात न घेताच तिनं विचारलं, "नाव घेतलं म्या. त्यास्नी काय व्हनार न्हाई न्हवं?" "न्हाई," मी म्हणालो. ती परत कधी दिसली नाही, आणि तो वास आला की अजून वाटतं, त्या ऑपरेशनचं काय झालं असेल.