झरीत मी न दिलेला संदेश

परीक्षेच्या दिवशी मी बायकोचा चष्मा घालून घराबाहेर पडलो. गुलाबी काड्यांचा. झरी गावाच्या जीपमध्ये समोरच्या बाईनं पदर तोंडाला लावला, तेव्हा कुठं लक्षात आलं. माझा चष्मा घरी, टीव्हीवर.

"तरीच म्हणलं माझा चष्मा गेला कुठं," शेजारी बसलेली सुलोचना म्हणाली. सुलोचना म्हणजे आमची मंडळी. "राहू द्या आता. तुमाला वाचायचंय. मला काय, नुसतं ऐकायचंच हाय."

नुसतं ऐकायचंच हाय... हे तिचं वाक्य लक्षात ठेवा.

आता आधीच सांगून टाकतो — लोकांनी लिहून पाठवलेले असले 'अमानवीय' अनुभव मी आजवर जेवताना वाचत आलो, तोंडी लावायला. परभणीत माझं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. पंप बंद पडला की उघडायचा. आत कचरा निघतो, झिजलेलं वायसर निघतं. भूत काही निघालेलं नाही. तुम्ही म्हणाल, सेमिनरीत शिकणारा माणूस आणि चमत्कारावर विश्वास नाही? आहे ना. पुस्तकातल्या. झरीतल्या नाही.

सेमिनरी म्हणजे फार मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. दर शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आवाज करणारा पंखा, आणि बायबलचा अभ्यास व पाळकीय सेवा असा तीन वर्षांचा कोर्स. बाकीची पोरं पंचविशीची, मी त्रेपन्नाचा. चाचणीच्या वेळी त्यांना पाठांतर आठवायचं, मला दुकानाचं कुलूप लावलं का ते. तरी सगळे विषय सुटले. अडकलो एकाच ठिकाणी — उपदेशशास्त्र. म्हणजे मंडळीपुढे, उपासनेला जमलेल्या लोकांपुढे, संदेश कसा द्यावा, तो विषय. दोनदा नापास!

त्याची परीक्षा अशी : एखाद्या खेड्यातल्या उपासनेत संदेश द्यायचा, मोबाईलवर रेकॉर्ड करायचा, सरांना पाठवायचा. तीन संधी. ही माझी तिसरी. पास झालो तर झरीच्या मंडळीची सेवा मला मिळणार होती. तिथले पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, बदलून गेल्यापासून उपासना कधी होई, कधी नुसतंच कुलूप. नापास झालो तर... पंप.

पत्र्याचा हॉल, खाली सतरंजी, अकरा माणसं. सुलोचनाला धरून. तिनं झरीत पाऊल टाकलं ते त्या दिवशी पहिल्यांदा, हेही ध्यानात असू द्या. मोबाईल मी टेबलावर ठेवला, लाल बटण दाबलं आणि बायबलातल्या हरवलेल्या मेंढराच्या गोष्टीवर सुरुवात केली. तीन मुद्दे, तिन्ही 'म'वरून — मेंढपाळाची माया, मेंढराची मस्ती, मेजवानीची मजा. सगळं कागदावर होतं. चष्मा बायकोचा असल्यामुळे कागद नाकाशी धरला तरच दिसे, आणि समोरची माणसं म्हणजे नुसते रंगाचे ठिपके. मी ठिपक्यांना संदेश दिला. मधेच एक पांढरा ठिपका उठून बाहेर गेला. म्हटलं, चला... ह्या वेळी लवकर सुरुवात झाली.

संपल्यावर बाहेर पत्र्याच्या सावलीत भाकरी आणि वांग्याची भाजी मांडली होती. हॉलची किल्ली सांभाळणाऱ्या रूथमावशी आल्या. सत्तरीची बाई, पण माझे दोन्ही हात धरून रडायला लागली.

"भाऊ, लय दिवसांनी कुणी आमचं बोललं. जात्याचं कुणी सांगितलं तुमाला?"

"कसलं जातं?"

"आता कसलं म्हून इचारायलेत! आमाला काय ऐकू आलं न्हाई व्हय?"

एवढ्यात दोन म्हातारे हातगाडा ढकलत आले. गाड्यावर जात्याची एक तळी, दोन दगडांतला एक. पुढचा तो मघाचा पांढरा ठिपका — लक्ष्मणकाका. मागचा त्याचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर दोघांनी सगळं वाटून घेतलं होतं आणि भांडता भांडता आईचं जातंही वाटलं होतं. वरची तळी थोरल्याकडे, खालची धाकट्याकडे. तेव्हापासून बोलणं बंद. एका गल्लीत राहून! लक्ष्मणकाका उपासनेतून उठला, स्वतःकडची तळी गाड्यावर घातली आणि सरळ भावाच्या दारात गेला.

"तुमी म्हणलात ना साहेब," काका मला म्हणाला, "दोघांच्या घरी दगड हाय, पीठ कुणाच्याच घरी न्हाई. मग म्हणलं, आता कशाची वाट बघायची?"

मी म्हणालो नव्हतो! मी मेंढराबद्दल बोलत होतो. मेंढराची मस्ती, दुसरा मुद्दा. मी कागद दाखवला. रूथमावशी कागदाकडे न बघता म्हणाल्या, "कागदात असंल. तोंडात नव्हतं."

मी सुलोचनाकडे वळलो. म्हटलं, घरचं माणूस, खरं सांगेल.

"जात्यावरच बोललात की," ती म्हणाली. "दोघांच्या घरी दगड, पीठ कुणाच्याच न्हाई. मला तर वाटलं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कायतरी धड बोललात."

शब्दही तेच! हिला ना तो म्हातारा माहीत, ना त्याचं जातं.

तिथंच, भाकरी हातात धरून, मी रेकॉर्डिंग लावलं. एकवीस मिनिटं. पहिल्यापासून शेवटपर्यंत मेंढरू. जात्याचा ज नाही. पण बाराव्या मिनिटाला, मी मेंढरं कशी मोजतात ते समजावून सांगत असताना, मागून कुणीतरी हमसून हमसून रडतंय... आणि रूथमावशींचा आवाज, "व्हय, व्हय, खरं हाय." मेंढरं मोजण्यात रडण्यासारखं काय असतं, तुम्हीच सांगा.

सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग रूथमावशी म्हणाल्या, "मोबाईल बिघडलाय तुमचा."

शनिवारी सरांपुढे उभा राहिलो. सर तसे भले माणूस, पण मार्कांच्या बाबतीत हात आखडता.

"मेंढरू सापडलं हो शेवटी," ते म्हणाले, "पण तोवर ऐकणारे हरवले."

मी सगळं सांगितलं. जातं, हातगाडा, दोन म्हातारे. झरीच्या लोकांनी सह्या-अंगठे करून दिलेला कागदही पुढे ठेवला : आमाला हेच पाळक पाहिजेत. सरांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला.

"मी खोटं म्हणत नाही तुम्हाला. बायबलातला पन्नासाव्या दिवसाचा धडा मीच शिकवतो, शिष्य बोलले आणि ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत ऐकलं तो. पण मला मार्क द्यायचेत ते रेकॉर्डिंगला. ह्यात जातं कुठंय?"

नापास.

हातापाया पडून आणखी एक संधी मिळवली. ह्या वेळी डोकं चालवलं. सुलोचनाला समोर बसवून जात्याचा संदेश तिच्या तोंडून शब्द न् शब्द उतरवून घेतला आणि स्वतःचा चष्मा लावून झरीत तोच वाचला. ह्या वेळी बारा माणसं, बाराच्या बारा चेहरे स्वच्छ दिसत होते. त्यातले दोघे पेंगत होते. लक्ष्मणकाका आणि त्याचा भाऊ, एकमेकांच्या खांद्यावर. सरांनी मागच्यापेक्षाही कमी मार्क दिले.

झरीला आता दुसरा मुलगा जातो. माझ्याच वर्गातला. चांगला बोलतो म्हणतात. मोबाईलचा दुकानवाला म्हणाला, फोनला काही झालेलं नाही. कानाच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मी ते रेकॉर्डिंग अजून दुकानात लावतो, पंप उघडून ठेवलेला असतो समोर. बाराव्या मिनिटाला ते रडणं येतं, आणि वर माझा आवाज मेंढरं मोजत असतो. काय झालं होतं, मला आजही सांगता येत नाही. आयुष्यात एकच संदेश कामाचा दिला, आणि तो ऐकायला एकटा मीच तिथं नव्हतो!

हे सगळं लिहून झाल्यावर सुलोचनाला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग म्हणाली,

"सव्वीस वर्षं मी बोललेलं तुमाला ऐकू येत न्हाई, त्याचं कुणी लिहून पाठवलं न्हाई कुठं. एक दिवस तुमचं तुमाला ऐकू आलं न्हाई, तर लगेच अमानवीय झालं व्हय?"